डेन्वरच्या दोन गाड्या: एकीत पोलीस असतो, दुसरीत नसतो

"दुकानाच्या दारात एक माणूस अनवाणी बसलाय, स्वतःशीच मोठमोठ्याने बोलतोय, उठायला तयार नाही." डेन्वरमध्ये (अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची ही राजधानी) ९११ वर (तिथला आपत्कालीन मदतीचा क्रमांक) असा फोन आला, तर मानसिक आरोग्याचं शिक्षण घेतलेली व्यक्ती मदतीला येऊ शकते. ती पोलिसांच्या गाडीतून उतरली तर तो 'को-रिस्पॉन्डर'. साध्या व्हॅनमधून पॅरामेडिकसोबत (जागेवर तातडीचे प्रथमोपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी) उतरली तर ती 'स्टार'. बातम्यांत दोन्हींना "पोलिसांच्या मदतीला समुपदेशक" असं सरसकट म्हटलं जातं. को-रिस्पॉन्डरबाबत ते बरोबर आहे. स्टारची व्हॅन मात्र पोलिसांऐवजी जाते.

को-रिस्पॉन्डर २०१६ पासून आहे. परवानाधारक समुपदेशक किंवा समाजकार्यकर्ता (तिथे त्याला क्लिनिशियन म्हणतात) पोलिसाच्या शेजारी बसून फिरतो. जागेवर आधी पोलीस पुढे होतो. समोरच्याच्या हातात काही आहे का, घरात आणखी कोण आहे, बाहेर पडायची वाट कुठून, हे पाहून त्याने खूण केली की क्लिनिशियन पुढे येतो. म्हणजे बोलण्याची सुरुवात गणवेशाकडून होते. चाकू घेऊन स्वयंपाकघरात कोंडून घेतलेल्या माणसाकडे जायचं तर हा क्रम मोडता येत नाही. पुढचं काम क्लिनिशियनचं: रुग्णालयात न्यायलाच हवं का, की घरीच निभेल? घरी निभणार असेल तर गोळ्यांचा साठा कुणाच्या ताब्यात, रात्री सोबत कोण, उद्या भेट कुठे, हे ठरवूनच निघायचं. नुसतं "काळजी घ्या" म्हणून निघालं की त्याच पत्त्यावरून पुन्हा फोन येतो.

स्टार सुरू झाली जून २०२० मध्ये. सुरुवातीला एकच व्हॅन, शहराच्या मध्यभागापुरती, सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६. आत एक क्लिनिशियन आणि डेन्वर हेल्थ या तिथल्या सार्वजनिक रुग्णालयाचा पॅरामेडिक. गणवेश नाही, शस्त्र नाही. अशी जोडी ऑरेगनमधल्या युजीन शहरात 'काहूट्स' या नावाने १९८९ पासून फिरत होती, नमुना तिथूनच घेतला. (युजीनमधली ती सेवा एप्रिल २०२५ मध्ये बंद पडली, नक्कल चालू आणि अस्सल बंद, असा उलटा प्रकार.)

दोन्हींमधला फरक सांगताना सगळे पोलिसाकडे बोट दाखवतात. आमच्या मते तितकाच मोठा फरक पॅरामेडिकच्या पिशवीत आहे. रस्त्यावर 'वेड्यासारखं' दिसणारं वागणं दरवेळी मनाच्या आजाराचं नसतं. मधुमेही माणसाची रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली आणि मग आणखी घसरली की त्याला घाम फुटतो, जीभ जड होते, तो चिडतो, हात लावू देत नाही. बघणाऱ्याला वाटतं प्यायलाय. बोटाला सुई टोचून साखर बघायला मिनिटसुद्धा लागत नाही. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. बऱ्याचदा 'मनोरुग्ण' तिथेच संपतो आणि एक ओशाळलेला माणूस उरतो.

दारू अचानक सोडल्यानंतरचा भ्रम याहून फसवा. शेवटच्या पेल्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांत हात थरथरतात, नाडी धावते, अंगावर किडे फिरताना दिसतात. हे समुपदेशनाने उतरत नाही आणि जिवावर बेतू शकतं. नाडी, रक्तदाब, ताप मोजल्याशिवाय हा माणूस आणि तीव्र मनोविकाराचा रुग्ण यांत फरक करणं अवघड. डोक्याला लागलेला मार, म्हाताऱ्या माणसाचा जंतुसंसर्ग यांचंही तसंच. को-रिस्पॉन्डरच्या गाडीत पॅरामेडिक नसतो, त्यामुळे शंका आली की वेगळी रुग्णवाहिका मागवायची आणि थांबायचं. टेक्सासमधल्या डॅलस शहराने २०१८ मध्ये 'राइट केअर' सुरू करताना यावर सरळ उपाय केला: पोलीस, पॅरामेडिक आणि समाजकार्यकर्ता, तिघे एकाच गाडीत. सोय झाली, पण दार उघडणाऱ्याला समोर एकदम तीन माणसं दिसतात, त्यातला एक पोलीस. घाबरलेल्याला ही गर्दीच वाटते.

कोणती गाडी जाणार हे फोन घेणारा ठरवतो. हत्यार आहे का, कुणाला मारलंय का किंवा मारायची धमकी आहे का, गंभीर इजा आहे का? तिन्हीला "नाही" आलं आणि तक्रार अनोळखी माणूस जागेवरून हलत नाही, कुणीतरी नशेत आहे, कुणाची तरी विचारपूस करा, वापरलेल्या सुया पडल्यात अशा जातीची असली, तर स्टार. एकालाही "हो" आलं तर पोलीस, आणि मोकळा असेल तर को-रिस्पॉन्डर. घोळ इथेच होतो. दुकानदार "जागेवर अतिक्रमण" एवढंच सांगतो, अनवाणी पायांचा आणि पुटपुटण्याचा उल्लेख करत नाही. फोन घेणाऱ्याने उलटप्रश्न केला नाही तर नुसती पोलीस गाडी जाते. उलट बाजूने, धास्तावलेली आई मुलाच्या हातातला चाकू लपवते, पोलीस नकोत म्हणून. मग व्हॅन पोहोचते, दोघं पायरीवरून मागे फिरतात, पोलिसांना बोलावतात आणि तेवढा वेळ वाया जातो.

को-रिस्पॉन्डरची ठरलेली अडचण वेगळी. गाडी पोलिसांची, त्यामुळे जवळ गोळीबाराचा फोन आला की अर्ध्या संभाषणातून उठावं लागतं. रुग्णालयात ताबा देताना खोळंबा झाला तर पोलीस आणि क्लिनिशियन दोघेही अडकतात.

सक्तीने नेण्याचा प्रश्न आला की दोन्ही गाड्या पुन्हा वेगळ्या पडतात. कोलोरॅडोत स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला ७२ तासांपर्यंत तपासणीसाठी ठेवता येतं, त्याला 'एम-१ होल्ड' म्हणतात. त्या कागदावर पोलीस सही करू शकतो, तसे काही परवानाधारक क्लिनिशियनही. पण सहीने माणूस गाडीत बसत नाही. तो नाही म्हणाला तर बळ वापरणं हे स्टारचं काम नाही.

आकड्यांकडे जरा डोळसपणे बघावं. स्टारने पहिल्या सहा महिन्यांत ७४८ फोन हाताळले, अटक एकही नाही. छान वाटतं. पण धोक्याचे फोन आधीच गाळलेले होते, तेव्हा हा शून्य को-रिस्पॉन्डरच्या आकड्यांशेजारी मांडणं अन्यायाचं. स्टॅनफर्डच्या संशोधकांचा २०२२ चा अभ्यास जास्त उपयोगी आहे: स्टार चालू असलेल्या भागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या.

आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही अशाच दोन वाटा शेजारी आहेत आणि त्यांचीही गल्लत होते. कलम १०० पोलिसांसाठी: भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या किंवा मनाच्या आजारामुळे धोका असलेल्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन, लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. कलम ९४ डॉक्टरसाठी: जीव वाचवण्यापुरता किंवा गंभीर इजा टाळण्यापुरता तातडीचा उपचार, कमाल ७२ तास, नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांबाबत रुग्णाच्या वतीने बोलणारी व्यक्ती) उपलब्ध असेल तर त्याच्या संमतीने, आणि तो घरीसुद्धा देता येतो. पोलीस ठाण्यात बसवून ठेवलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी विचारायचं ते इतकंच: संरक्षणात किती वाजता घेतलं, आणि ती वेळ कुठे लिहिली आहे?