घाटात सायकल कुरकुरते तेव्हा

शहाद्याहून तोरणमाळला निघालं की सातपायरी घाटात सायकलची खरी परीक्षा होते. सपाटीवर मुकाट धावलेली माउंटन बाइक इथे बोलू लागते. पॅडलवर जोर पडला की ‘करक’. पुन्हा जोर, पुन्हा ‘करक’. दुकानात नेली तर बहुतेक वेळा एकच निदान ऐकायला मिळतं: बीबी गेली. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दोन्ही क्रँकना (पॅडल धरणाऱ्या दांड्यांना) जोडणारा आस ज्या छऱ्यांवर फिरतो तो भाग. बीबी बदलली जाते, पैसे जातात आणि पुढच्या चढावर आवाज जिथल्या तिथे असतो.

निदान चुकतं कारण आपले कानच इथे फसतात. आवाजाची दिशा आपण मुख्यतः दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो. डावीकडचा आवाज डाव्या कानात किंचित आधी आणि जरा मोठा पोहोचतो, मेंदू तेवढ्यावरून हिशेब लावतो. पण सीट, सीटपोस्ट (सीटखालचा दांडा), बीबी, हँडलचा दांडा हे सगळं आपल्या शरीराच्या मध्यरेषेवर असतं. तिथून निघालेला आवाज दोन्ही कानांत जवळजवळ एकाच वेळी येतो, आणि तो पुढून आला की मागून, वरून की खालून, हे सांगताना मेंदू गडबडतो. त्यात फ्रेमच्या नळ्या पोकळ आणि पातळ पत्र्याच्या. अॅल्युमिनियममधून आवाज हवेच्या साधारण पंधरा पट वेगाने जातो. सीटपोस्टच्या सांध्यातली बारीक कंपनं क्षणात सगळ्या फ्रेमभर पसरतात आणि आख्खी फ्रेम वाजते. मग कोपरा न् कोपरा संशयित.

त्यामुळे दिशा सोडा, ताल धरा. क्रँकच्या दर फेरीला एकदा आवाज येतोय का? मग गिअर बदलून पाहा. पुढे 32 दात आणि मागे 50 दात असले तर क्रँकच्या एका फेरीत मागचं चाक पाऊण फेरीही फिरत नाही. मागे 11 दातांवर चेन टाकली तर तेच चाक जवळजवळ तीन फेऱ्या मारतं. गिअर बदलूनही आवाज पायाच्या तालावरच राहिला तर चाक आणि त्याचे स्पोक निर्दोष. चाकाच्या तालावर गेला तर हब (चाकाचा मधला भाग), स्पोक, अॅक्सल तपासा. चेनचा एखादा दुवा अडकत असेल तर ताल आणखी लांबतो. 116 दुव्यांची चेन 32 दातांवरून पूर्ण फिरायला क्रँकच्या साडेतीनपेक्षा जास्त फेऱ्या लागतात.

इथे एक फसगत हमखास होते. पॅडल मारताना शरीर डावीउजवीकडे डुलतं, म्हणून सीटही पायाच्याच तालावर कुरकुरते. सीटवरून उठून, उभं राहून पॅडल मारा. आवाज थांबला तर बीबीला हात लावायचं कारण नाही, सीटचे रूळ आणि सीटपोस्ट बघा. उलट, पॅडल थांबवून नुसता उतार उतरतानाही आवाज येत असेल तर क्रँक निर्दोष, आणि शंका हँडल, पुढचा चिमटा (फोर्क), सस्पेन्शनच्या सांध्यांवर जाते. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली की हेडसेट (हँडल ज्या छऱ्यांवर वळतं तो सांधा) ढिला असल्यास हाताला लगेच कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र कडक पाळा. तीन बोल्ट एकदम आवळले आणि आवाज गेला, तर तो कशामुळे गेला हे कधीच कळणार नाही.

आता हा आवाज होतो तरी कसा? एकमेकांवर दाबून बसवलेले दोन भाग जोर आला तरी लगेच सरकत नाहीत. ते चिकटून राहतात, धातू सूक्ष्मसा वाकतो, ताण साठतो. ताण घर्षणापेक्षा मोठा झाला की सांधा एकदम सुटतो आणि सरकू लागल्यावर घर्षण कमी झाल्याने झटका बसतो. पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो. 1939 मध्ये केंब्रिजला बाउडन आणि लेबेन यांनी धातूंच्या घर्षणातला हाच अडखळता प्रकार प्रयोगाने दाखवला. व्हायोलिनची तार धनुकलीखाली अशीच वाजते. 1966 मध्ये ब्रेस आणि बायरली यांनी तर भूकंपातले खडकही असेच अडकून सुटत असावेत, असं मांडलं. चढावरच कुरकुर का, याचंही उत्तर यातच आहे: सपाटीवरचा जोर सांधा सुटण्याइतका नसतो.

ग्रीस लावल्यावर आवाज का थांबतो, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर कोडं वाटतं. ग्रीसने घर्षण कमी होतं, म्हणजे सांधा जास्तच सरकायला हवा! बैलगाडीच्या आसाला वंगण घातलं तरी चाक फिरायचं थांबत नाही, रडायचं थांबतं. तसंच इथे. ग्रीसमुळे चिकटलेल्या आणि सरकत्या अवस्थेतल्या घर्षणाचा फरक जवळजवळ मिटतो, त्यामुळे ताण साठून झटका बसत नाही. आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस असलं की पाना तेवढ्याच जोराने फिरवूनही बोल्ट जास्त ताणला जातो, सांधा घट्ट धरला जातो. कोरडा बोल्ट आवळताना बरीचशी ताकद आट्यांच्या घर्षणातच जाते.

म्हणून बहुतेक कुरकुरींवर इलाज एकच: उघडा, पुसा, ग्रीस लावा, मापात आवळा. सीटपोस्ट ओढून काढली की जिथे क्लॅम्प बसतो तिथे अनेकदा काळसर लेपाची कडी दिसते. ती नुसती धूळ नसते. अॅल्युमिनियम अॅल्युमिनियमवर सूक्ष्म घासून त्याचा ऑक्साइड झालेला असतो, आणि तो मूळ धातूपेक्षा कितीतरी कठीण असतो. त्यात पावसाळ्यातली काळी माती सुकून मिसळली की सांधा आणखी खरखरतो. पॅडलही काढून आटे साफ करा. डावं पॅडल उलट आट्यांचं असतं, तेव्हा उगाच जोर लावून आटे मारू नका. परत बसवताना साधारण 35 ते 40 न्यूटन-मीटर पुरे. कार्बनच्या सीटपोस्टला मात्र ग्रीस नाही, खास बारीक कणांची पेस्ट लागते.

खानदेशातला उन्हाळाही यात हात धुऊन घेतो. पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा उन्हात लावलेल्या सायकलचा धातू हाताला चटका देतो. तेवढ्याच तापमानवाढीला अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून स्टीलचा भाग अॅल्युमिनियममध्ये बसवलेला असेल तर त्याची पकड किंचित ढिली होते. ग्रीसही पातळ होतं. सकाळी गप्प असलेली सायकल दुपारी कुरकुरली तर ही खूण लक्षात ठेवा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल धुणं मात्र टाळाच, पाणी सीलच्या आत छऱ्यांपर्यंत जातं. आणि दिसेल त्या सांध्यावर पातळ तेलाचा फवारा मारू नका. दोन दिवस शांतता मिळते, पण आतलं ग्रीस धुऊन जातं आणि डिस्कवर थेंब उडाला तर ब्रेकच लागत नाही.

सगळं उघडून, पुसून, आवळूनही आवाज राहिला तर फ्रेम स्वच्छ धुऊन उजेडात बघा. हेडट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) मागे, बीबीच्या आजूबाजूला, सीटट्यूबच्या (सीटपोस्ट जिच्यात बसते त्या नळीच्या) वरच्या टोकाला जोडांजवळ नख फिरवा. रंगातली केसासारखी रेघ नखाला अडकली तर ती तडा असू शकते. तिची नीट तपासणी होईपर्यंत त्या सायकलवर घाट उतरू नका.