शृंगार आणि चावटपणा : ग्रामीण विदर्भ

ग्रामीण विदर्भात लैंगिक विषयांवर कसे बोलले जाते आणि त्या बोलण्यातून कोणती चावट गाणी, सोंगे व नाट्यप्रकार घडले, याचा विचार या नोंदीत केला आहे. काय बोलावे यापेक्षा कोणी, कोणाशी, कोणत्या दिवशी आणि कोणत्या सोंगात बोलावे, याचे दंडक या भागात जास्त कडक आहेत. धाकट्या दिराने भावजयीची केलेली थट्टा सगळे घर हसून ऐकते. तेच शब्द भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, तोंडून निघाले तर चार लोक जमवावे लागतात. ‘खेड्यातली माणसे फार मोकळी’ आणि ‘खेड्यात या विषयावर कोणी चकार शब्द काढत नाही’ ही दोन्ही मते शहरी पाहुणे सारख्याच खात्रीने सांगतात. पाहुणा कोणत्या ओसरीवर आणि कोणत्या महिन्यात बसला होता, एवढाच फरक.

विदर्भाच्या 11 जिल्ह्यांत ही रीत एकसारखी नाही. पश्चिमेला कापसाचे वऱ्हाड, पूर्वेला धानाची झाडीपट्टी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीच्या दक्षिणेला माडिया गोंड, अशी चाल बदलत जाते. जातीप्रमाणेही ती बदलते. ब्राह्मण घरांत विधवेचे केशवपन होत होते, त्या काळात कुणबी, माळी, तेली यांच्यात विधवेचा पाट लागत असे. त्याला इकडे ‘मोहतूर’ म्हणत. तो रात्री, थोडक्या माणसांत, वाजंत्रीशिवाय उरकला जाई. पण होत असे, आणि झालेला संसार गाव मान्य करी. देशमुखी घरांत मात्र मोहतूर कमीपणाचा मानला जाई. घराला मान चढला की त्याची पहिली किंमत बायकांच्या मोकळीकीने चुकवायची, ही गोष्ट वऱ्हाडात अनेक पिढ्या दिसते.

जुने दाखले

विदर्भाचे नाव या विषयाशी फार पूर्वीपासून जोडलेले आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘वात्सगुल्मक’ म्हणजे आजच्या वाशीमच्या राजांचे आणि ‘वैदर्भ’ राण्यांचे उल्लेख आहेत, आणि ते काही कौतुकाचे नाहीत. वाशीमकडे अमात्यांच्या बायका रात्री राजाच्या सेवेला जातात, आणि विदर्भात राण्या गावोगावच्या देखण्या बायकांना मैत्रीच्या निमित्ताने महिना-पंधरा दिवस अंतःपुरात ठेवून घेतात, असे तो सांगतो. महाराष्ट्रातील स्त्रियांना अश्लील आणि कठोर बोलणे आवडते, असेही त्याच ग्रंथात आहे. त्याने जवळजवळ प्रत्येक देशाच्या बायकांवर अशी एकेक चिठ्ठी चिकटवली आहे. ती त्या काळची पारावरची गप समजावी, पाहणी नव्हे. राजशेखराने काव्यमीमांसेत याच वत्सगुल्माला कामदेवाचे क्रीडास्थान म्हटले आणि काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्नही तिथेच लावून दिले. आज वाशीमच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या माणसाला यातले काहीच जाणवत नाही.

हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे जुन्या प्राकृत गाथांच्या संग्रहात, शेताच्या कडेचा शृंगार आहे. तिच्यातली एक गाथा कापूसवाल्या वऱ्हाडाला सहज ओळखीची वाटेल. कपाशीच्या रानात पहिल्या नांगरटीच्या मुहूर्ताला नांगराची पूजा करताना एका बाईचे हात थरथरतात, कारण पुढे कपाशी उंच झाल्यावर तिथे कोण भेटणार, याचे बेत तिच्या मनात आधीच चालू असतात. एवढे सांगून गाथा थांबते. शेतीचे काम, पूजा आणि वासना तिने दोन ओळींत एकत्र बांधली आहे. नंतरच्या चावट लोकवाङ्मयाला ही हातोटी क्वचितच साधली.

तेराव्या-चौदाव्या शतकातील महानुभावांत या विषयावर सरळ वाद झाला. भास्करभट्ट बोरीकरांच्या ‘शिशुपालवधा’त रुक्मिणी-कृष्णाचा शृंगार सढळ हाताने आला होता. ग्रंथ चांगला झाला, पण निवृत्तांच्या, म्हणजे संसार सोडलेल्यांच्या, उपयोगाचा नाही, असा अभिप्राय पंथातल्या जाणत्याने दिला आणि भास्करभट्टांनी पुढे वैराग्यपर ‘उद्धवगीता’ लिहिली, अशी परंपरा आहे. ग्रंथ जाळला नाही की कवीला वाळीत टाकले नाही. कोणासाठी योग्य आणि कोणासाठी नाही, एवढाच निवाडा झाला. गावातला निवाडा आजही बराचसा असाच असतो.

दगडात कोरलेल्या शृंगाराचे तर कोणाला काहीच वाटत नाही. वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथील देवळांवर आणि लोणारच्या दैत्यसूदन मंदिरावर मैथुनशिल्पे आहेत. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत सासू, सून, नातवंडे त्याच भिंतींना वळसा घालून प्रदक्षिणा करतात. नवी लग्ने झालेली जोडपी मान वर करून पाहतात, बाकीचे नारळाच्या रांगेत असतात.

थट्टेचे नाते

रोजच्या जगण्यातली मुभा नात्यावर ठरते. दीर-भावजय, मेव्हणा-साळी, आजा-नातसून आणि दोन्हीकडचे इवाई-ईन (व्याही-विहीण) ही थट्टेची नाती. सासरा आणि भासरा ही पदराची नाती. भासऱ्याच्या जोड्यांचा आवाज अंगणात आला की चुलीपुढची सून बोलता बोलता गप्प होते, पदर कपाळापर्यंत येतो, आणि तो आत जाऊन बसेपर्यंत तिचे वाक्य अर्धेच राहते. तीच सून पाच मिनिटांनी दिराला अशी काही कोपरखळी मारते की परसातली म्हातारी पाटावरचा वरवंटा थांबवून हसते.

लग्नात हे नाते उघड्यावर येते. हळदीच्या दिवशी इनीबाईला उद्देशून गायल्या जाणाऱ्या गाण्यांत तिच्या खाण्यापासून तिच्या यारापर्यंत सगळ्याची झडती घेतली जाते. ज्या बायकांनी ती गायली, त्याच दुपारी तिला पंगतीत आग्रहाने पुरणपोळी वाढतात. पुरुषांनी ही गाणी ऐकू नयेत असा संकेत आहे. ते मांडवाच्या पलीकडे बसून ऐकतात. द्व्यर्थी कोडी ही याच घराण्यातली. प्रश्न ऐकताना कान तापतात आणि उत्तर निघते उखळ, जाते किंवा सुईदोरा. ऐकणाऱ्याने भलतेच उत्तर मनात आणले की कोडे घालणारी जिंकली. बायकांच्या या चावट वाङ्मयाची नोंद ओव्यांच्या मानाने फार थोडी झाली आहे. संकलन करणारे बहुतेक पुरुष होते आणि त्यांच्यासमोर बायका अभंगच म्हणत, हे त्याचे एक उघड कारण.

शिमग्याला नात्याचीही अट सैल होते. होळीत शेणाच्या चाकोल्यांच्या (छोट्या गोवऱ्यांच्या) माळा पडल्या की बोंब सुरू होते आणि धुळवडीच्या दुपारपर्यंत पाटलापासून मास्तरापर्यंत कोणाच्याही नावाने काहीही म्हणता येते. दुसऱ्या दिवशी त्याची आठवण काढणारा माणूस खुळा ठरतो. मेळघाटात कोरकू बाया होळीनंतर पाच दिवस वाट अडवून, गाणी म्हणून फगवा (होळीची बक्षिसी) मागतात. तिथला सूर चिडवण्याचा असतो, शिव्यांचा नसतो. बैलांच्या पोळ्याला म्हणतात त्या झडत्यांतही अधूनमधून चावट ओळ येते, पण त्यांचा रोख जास्त करून सावकार, सरकार आणि पावसावर असतो.

खडी गंमत

पूर्व विदर्भाचा खास चावट नाट्यप्रकार म्हणजे खडी गंमत. शाहीर आणि झीलकरी (मागून सूर धरणारे साथीदार) उभ्यानेच गातात. ढोलकी, डफ, टाळ, तुणतुणे आणि चोनके ही साथ. गण, गौळण, मग लावण्या आणि प्रसंग असा क्रम असतो. दोन शाहीर समोरासमोर आले की कलगी-तुऱ्याचा झगडा रंगतो. कलगीवाला शक्तीला थोर मानतो, तुरेवाला शिवाला. प्रकृती आधी की पुरुष आधी, पुरुषाशिवाय गर्भ कसा राहिला, बाईशिवाय पुरुष जन्मला कुठून, असे सवाल रात्रभर चालतात. अध्यात्म आणि आचरटपणा यांच्यामधली रेघ या सवालांत इतकी पुसट असते की त्याच ओळीला म्हातारा वारकरी मान डोलावतो आणि मागच्या ओळीतले तरुण शिट्टी मारतात.

पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रिया रंगमंचावर आल्या आणि पुढे तिथली लावणी त्यांच्याच नावाने ओळखली गेली. खडी गंमतीत बाईचे काम बराच काळ पुरुष नाच्याकडेच राहिले. मिशी साफ, डोळ्यांत काजळ, अंगावर लुगडे, पायांत चाळ. तो ठुमकत पुढच्या ओळीतल्या एखाद्या जाडजूड पुढाऱ्यापाशी जातो, पदराचे टोक त्याच्या खांद्यावरून ओढतो आणि नोट मिळेपर्यंत लाडात रुसून बसतो. पुढारी लाजतो, गाव हसते. सोंगाखाली पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे बायकाही हे पाहायला बसू शकतात. कोणाच्या लेकीबाळीची अब्रू तिथे पणाला लागलेली नसते. नाच्याची स्वतःची अब्रू मात्र लागते. सकाळी शेतावर तोच माणूस कोळपणी करताना रस्त्यावरून हाका ऐकतो, आणि त्याच्या लग्नाची बोलणी करताना घरच्यांना हे काम लपवावे लागते. रात्री दाद देणारे आणि सकाळी हाका मारणारे बहुधा तेच लोक असतात.

दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्यात खडी गंमत, दंडार हे लोकनाट्य आणि झाडीपट्टीची नाटके यांची गर्दी असते. देसाईगंज म्हणजे वडसा हे नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. तिथे नाटके ठरवली जातात आणि हंगाम होळीपर्यंत चालतो. झाडीपट्टीतील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कितीतरी लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. ही नाटके रात्रभर चालतात आणि त्यांचा जीव कुंकू, बहीण, वहिनी, शेत यांच्यात अडकलेला असतो. कथा कमालीची सोवळी. दोन प्रवेशांच्या मधली लावणी किंवा रेकॉर्ड डान्स मात्र सोवळा नसतो. आई-बहिणीच्या दुःखाने डोळे पुसणारा प्रेक्षक पाच मिनिटांनी त्या नाचाला ‘वन्स मोअर’ देतो. यात त्याला काही विसंगती वाटत नाही, कारण दोन्ही गोष्टी आपापल्या जागी आहेत.

ही जागा सुटली की काय होते, ते ‘डान्स हंगामा’ नावाच्या कार्यक्रमांत दिसले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी घातलेल्या बैलांच्या शर्यती डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि शंकरपटासोबत (या शर्यतींना इकडे हेच नाव) करमणुकीचे कार्यक्रमही परतले. जानेवारी 2022 मध्ये उमरेडकडच्या एका गावातल्या अशा कार्यक्रमातील नग्न नाचाचे चित्रीकरण मोबाइलवरून पसरले आणि पोलिसांनी गुन्हे दाखल केले. इथे ना सोंग होते, ना गण-गौळण, ना सवाल-जवाब. पैसे घेऊन नाचवलेल्या परगावच्या मुली आणि तिकीट काढून आलेले पुरुष, एवढेच उरले होते. खडी गंमतीला अश्लील म्हणणाऱ्यांनी आणि हंगाम्याला लोककला म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. कायद्याला हा भेद फारसा दिसत नाही. सार्वजनिक जागी अश्लील कृती किंवा गाणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 294 खाली गुन्हा होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली आहे, आणि तो लावायचा की नाही हे ठाणेदाराच्या मतावर बरेच अवलंबून राहते.

चावटपणाला आतून झालेला विरोध वेगवेगळ्या दिशांनी आला. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा ठेवला, पण गौळण आणि नाच्या गाळले. ज्या समाजाच्या कलावंतांना वतनदारांच्या करमणुकीसाठी नाचावे लागे, त्याने घेतलेला तो निर्णय होता. त्यामागचे कारण शालीनतेपेक्षा स्वाभिमानाचे होते. तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारला आणि खंजिरी भजन गावोगाव पोचले. रात्री जमायला गावाला दुसरे निमित्त मिळाले. अनेक गावांत दोन्ही टिकले, एकाच चावडीवर, वेगवेगळ्या रात्री.

गोटुल आणि बाहेरचे डोळे

गडचिरोलीच्या माडियांबद्दल शहरात ज्या चवीने बोलले जाते, त्याचा बराच भाग गोटुलाच्या गैरसमजावर उभा आहे. बस्तरच्या मुरियांच्या गोटुलाविषयी, म्हणजे तरुण मुलामुलींच्या रात्री एकत्र राहण्याच्या घराविषयी, व्हेरियर एल्विन यांनी 1947 मध्ये लिहिलेले वर्णन सरसकट सगळ्या गोंडांना लावले गेले. भामरागडकडे गोटुल म्हणजे गावाची बैठक, पाहुण्याची उतरण्याची जागा आणि सणाचे नाचगाणे. माडियांत लग्नविधी न करता जोडपे एकत्र राहू शकते आणि विधी ऐपतीप्रमाणे पुढे होतो. त्याची चोरी नसते. उलट त्याच गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते. जोडीदार निवडण्यात मोकळीक आणि विटाळाबाबत कडकपणा एकाच समाजात सुखाने नांदतात. बाहेरचा पाहुणा यातली एकच बाजू उचलतो.

बोलणे आणि आजार

चावट गाण्यांची इतकी रेलचेल असलेल्या या भागात शरीराच्या दुखण्याबद्दल मात्र कोणी तोंड उघडत नसे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था सुरू केली आणि वसा व अमिर्झा या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या जातीचे भोग म्हणून सोसले जाई आणि सांगायचेच तर दाईला, तेही आडून. इनीबाईच्या नावाने मांडव हलवणारी बाई दवाखान्यात पोटात दुखते एवढेच सांगते, कारण डॉक्टर हे थट्टेचे नाते नाही आणि पदराचेही नाही; त्याच्याशी बोलायची भाषाच तयार झालेली नव्हती.

‘सर्च’ने पुढे तरुणांसाठी ‘तारुण्यभान’ हा लैंगिक शिक्षणाचा उपक्रम चालवला. 2007 मध्ये महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रम संस्कृतीच्या नावाने थांबवण्यात आला. स्वस्त डेटा आल्यानंतर, म्हणजे 2016 पासून, पोरांना हवे ते शेताच्या धुऱ्यावर बसून पाहता येऊ लागले. मोबाइलवर दिसणाऱ्या चित्रांना ना शिमग्याची तारीख आहे, ना भावजयीचे नाते, आणि ते पाहिलेला पोरगा त्याबद्दल कोणाशी बोलायचे हे अजून ठरवू शकलेला नाही.