चष्मा न काढता दुर्बीण

हिवाळ्यात भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, नावेतून पक्षी बघायला जाणाऱ्या मंडळींत बहुतेक वेळा एकच दुर्बीण हातोहात फिरत असते. समोर रोहित पक्ष्यांचा थवा. बिनचष्म्याचा माणूस दुर्बीण डोळ्याला लावतो आणि लवकर सोडत नाही. चष्मेवाल्याला त्याच दुर्बिणीतून नळीतून बघावे तसे छोटे वर्तुळ दिसते, बाकी सगळा काळोख. भिडेखातर तो "छान दिसतंय" म्हणतो आणि दुर्बीण पुढे देतो. आपल्या नजरेतच खोट आहे अशी समजूत करून घेऊन कितीतरी लोक पुढे दुर्बिणीच्या वाटेला जात नाहीत. याचे मला फार वाईट वाटते, कारण सगळा घोटाळा जेमतेम चार-पाच मिलिमीटरांचा असतो.

दुर्बिणीत शिरलेला प्रकाश आयपीसमधून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून, बाहेर पडतो आणि काचेपासून थोड्या अंतरावर एका छोट्या गोल ठिपक्यात एकवटतो. या ठिपक्याला एक्झिट प्यूपिल म्हणतात. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढा त्याचा आकार: ८×४२च्या (८ पट वर्धन, ४२ मिमीचे पुढचे भिंग) दुर्बिणीत सव्वापाच मिमी, १०×४२मध्ये ४.२ मिमी. डोळ्याची बाहुली बरोबर या जागी आली, तरच पूर्ण दृश्य दिसते. काचेपासून या जागेपर्यंतचे अंतर म्हणजे आय रिलीफ. चष्मेवाल्याने खरेदी करताना वर्धनाच्याही आधी बघायचा आकडा हाच.

तो किती हवा, याचा हिशेब सोपा आहे. चष्म्याची काच डोळ्याच्या पृष्ठभागापासून साधारण १२ ते १४ मिमी पुढे असते. काचेची जाडी एक-दोन मिमी. बाहुली डोळ्याच्या पृष्ठभागाच्या आत सुमारे ३ मिमी. बेरीज १७-१८च्या घरात जाते. म्हणून १५ मिमीपेक्षा कमी आय रिलीफची दुर्बीण चष्मेवाल्याने घेऊच नये, आणि १७-१८ मिळत असेल तर तीच घ्यावी. खिशात मावणाऱ्या, घडीच्या छोट्या दुर्बिणींत हा आकडा अनेकदा १०-१२च असतो. एकाच मालिकेतल्या ८ आणि १० वर्धनाच्या दुर्बिणींत १०वालीचा आय रिलीफ बहुधा कमी भरतो. तिचे दृश्यही अरुंद असते आणि हाताचा कंप जास्त जाणवतो. त्यामुळे पहिली दुर्बीण म्हणून मी ८×४२च सुचवीन.

चष्मेवाल्यांची ही अडचण कारखानदारांच्याही उशिराच लक्षात आली. झाइसने जर्मनीतल्या येना इथे १८९४मध्ये प्रिझमच्या दुर्बिणी बाजारात आणल्या. चष्म्यासकट बघता येईल अशा खास आयपीसच्या दुर्बिणी त्यांनी काढल्या त्या १९५०च्या दशकाच्या अखेरीस.

खोक्यावर छापलेल्या आकड्यात एक मेख आहे. तो बहुतेकदा काचेपासून मोजलेला असतो, पण आपला चष्मा टेकतो आयकपच्या, म्हणजे आयपीसभोवतीच्या कड्याच्या, कडेला, आणि ती कड काचेच्या दोन-तीन मिमी वर असते. खरा उपयोगी आकडा घरी मोजता येतो. आयकप पूर्ण खाली करा, दुर्बीण उजेडाच्या खिडकीकडे धरा (सूर्याकडे चुकूनही नाही) आणि आयपीसच्या मागे ट्रेसिंग पेपरचा तुकडा पुढे-मागे सरकवा. कागदावर उजेडाचा गोल दिसेल. तो जिथे सर्वांत लहान आणि कडेला रेखीव होईल, तिथून आयकपच्या कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. तो गोल म्हणजेच एक्झिट प्यूपिल. हवेत तरंगणारी ती जागा अशी डोळ्यांनी बघितली, की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

मग चष्मा काढूनच का बघू नये? नुसता मायनस किंवा प्लस नंबर असेल, तर फोकसचे चाक तो भरून काढू शकते. सिलिंडरचा नंबर मात्र चाकाने जात नाही. चाक फिरवल्याने बदल सगळ्या दिशांना सारखाच होतो. सिलिंडरच्या डोळ्याला आडव्या आणि उभ्या दिशेला वेगवेगळी दुरुस्ती लागते. आपल्या चष्म्यात सिलिंडर आहे का हे बघायचे असेल, तर तो हातभर लांब धरून काचेतून दाराची उभी कड बघा आणि चष्मा गोल फिरवा. कड तिरकी होताना दिसली, तर सिलिंडर आहे. पाव-अर्ध्या नंबराने फारसे बिघडत नाही, त्यापुढे चष्मा ठेवावाच. मायनस नंबर मोठा असेल, तर चष्म्याशिवाय लांबचे स्पष्ट होण्याआधीच चाक संपू शकते. शिवाय पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनीच हेरायचा असतो. पट्टकादंबांची रांग उडाली, की चष्मा शोधत बसायला वेळ कुठे असतो?

जुळवणी करताना आधी आयकप खाली. रबरी असतील तर दुमडा, फिरवायचे असतील तर पूर्ण आत घ्या. दोन नळ्या बिजागरीवर उघड-मीट करून दोन्ही वर्तुळांचे एक वर्तुळ करा. मग शंभरेक मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजव्या बाजूच्या पुढच्या भिंगावर हात ठेवा. डोळा मिटण्यापेक्षा हे बरे, कारण एक डोळा मिटताना दुसराही आवळला जातो. मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटीवरची अक्षरे स्वच्छ करा. आता हात डाव्या भिंगावर; चाकाला स्पर्श न करता उजव्या आयपीसजवळची डायॉप्टरची रिंग (दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक भरून काढणारी) प्लसच्या टोकाला न्या, तिथून सावकाश मागे आणा आणि अक्षरे पहिल्यांदा स्वच्छ दिसतील तिथेच थांबा. आणखी पुढे गेलात तरी डोळा ताण घेऊन चित्र स्पष्ट ठेवतो आणि तासाभरात डोके दुखू लागते. काही दुर्बिणींत ही रिंग डाव्या बाजूला किंवा मधल्या चाकातच असते. तेव्हा क्रम त्याप्रमाणे बदलावा.

रिंगची जागा ठरली, की तिथे मार्करने बारीक खूण करा. बॅगेत ती हमखास फिरते.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर लांबचा नंबर काचेच्या वरच्या भागात असतो. झाडाच्या शेंड्यावरचा असो की पाण्यातला, पक्षी बघताना डोळे खाली-वर न करता मानच वळवावी. चष्मा आणि दुर्बीण यांच्या फटीतून बाजूचा उजेड येतो. त्याला पुढे झाप असलेली टोपी पुरते. आयकपवर धुळीचा कण असेल तर तो चष्म्यावर ओरखडा पाडतो, म्हणून आयकप अधूनमधून ओल्या फडक्याने पुसावा. आणि दुकानात जाताना रोजचाच चष्मा घालून जा. दृश्याच्या वर्तुळाची कड सगळीकडून स्वच्छ, रेखीव दिसली नाही, तर दुकानदार कितीही म्हणाला, "सवय होईल", तरी ती दुर्बीण परत ठेवा.