दोन वर्षांची हुकूमशाही आणि पाच वर्षांचं सरकार

"या देशात दोन वर्षं हुकूमशाही लावा, मग बघा सगळं कसं सुतासारखं सरळ येतंय." रंकाळ्याच्या कट्ट्यापासून बिंदू चौकापर्यंत हे वाक्य कुठेही ऐकू येतं. कोल्हापुरात त्याच्या पाठोपाठ दुसरं ठरलेलं असतं: "आपले शाहू महाराज काय निवडून आले होते का?" दुसरं वाक्य खरं आहे, पण त्यावरून पहिलं सिद्ध होत नाही. खंबीर कारभार आणि हुकूमशाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतदान आणि लोकशाही याही वेगळ्याच. या दोन जोड्यांची गल्लत इतक्या वेळा होते की एकदा नीट मांडणं भाग आहे.

लोकशाही म्हणजे काय हे नागरिकशास्त्रात सगळ्यांनी वाचलंय, ते पुन्हा सांगत बसत नाही. गादीवर राजा आहे की राष्ट्राध्यक्ष, यानेही फारसं बिघडत नाही. ब्रिटनमध्ये राजा आहे आणि लोकशाहीही आहे. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात 'लोकशाही' आणि 'प्रजासत्ताक' दोन्ही शब्द आहेत आणि तिथे किम घराण्याची तिसरी पिढी राज्य करते. लष्करशाही, एकपक्षीय राजवट, अनियंत्रित राजेशाही हे सगळे एकाधिकारशाहीचे पोटप्रकार. परीक्षेला लागतात, इथे नाही. मतपेटी आहे म्हणजे लोकशाही आहे असंही नाही. सद्दाम हुसेन यांनी २००२ मध्ये सार्वमत घेतलं आणि १०० टक्के मतं आपल्याला पडल्याचं जाहीर केलं.

आता महाराजांचं उदाहरण, कारण एकहाती सत्तेचा फायदा त्याहून चांगला कुठे दिसत नाही. २ एप्रिल १८९४ ला राज्यारोहण झालं आणि २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी कोल्हापुरात निवडून आलेलं सभागृह असतं आणि मताचा हक्क जमीनदार-वतनदारांपुरता असता, तर १९०२ चा हुकूम पहिल्याच बैठकीत बारगळला असता. ज्यांच्या हातातून जागा जाणार होत्या त्यांचाच सभागृहात भरणा असता. एकाच्या सहीवर काम होतं आणि ती सही शहाण्या, कनवाळू माणसाची असते, तेव्हा शतकाची अडगळ एका दिवसात बाजूला होते. हा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याच गादीवर त्यांच्या आधी कोण होतं? चौथे शिवाजी महाराज. १८७१ मध्ये लहानपणी दत्तक आले, पुढे त्यांना वेडे ठरवण्यात आलं आणि १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत त्यांचा मृत्यू झाला. त्या काळात राज्य इंग्रजांच्या संमतीने नेमलेल्या कारभाऱ्यांनी चालवलं. रयत तीच, गादी तीच, मध्ये फक्त ११ वर्षं. ते कारभारी आवडले नाहीत म्हणून रयतेला बदलता आले नाहीत, आणि शाहू महाराज मिळाले तेही रयतेने निवडले म्हणून नव्हे. शिवाय महाराजांच्या डोक्यावर ब्रिटिश सरकारचा पोलिटिकल एजंट होता. त्यांची सत्ता वरून बांधलेली होती, फक्त बांधणारा रयत नव्हता. "चांगला हुकूमशहा पाहिजे" म्हणणारे हे विसरतात की 'चांगला' हा शब्द आपल्या हातात नसतो. हातात येते ती फक्त 'हुकूमशहा' ही जागा, आणि तिच्यावर पुढचा कोण बसेल ते आपल्याला विचारून ठरत नाही.

म्हणून माझ्या मते पाहायची गोष्ट एकच. राज्यकर्ता किती कडक, किती प्रामाणिक, रोज किती तास काम करतो, हे सगळं मागाहून. तो चुकला तर त्याच्या परवानगीशिवाय त्याला काढता येतं का, हे आधी.

हे अगदी जवळून पाहायचं असेल तर करवीर तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत पाहा. एरवी मासिक सभा सरपंच बोलावतो आणि अध्यक्षही तोच असतो. अविश्वास ठराव आणायचा झाला की कायदा हे दोन्ही अधिकार त्याच्याकडून काढून घेतो. सदस्य नोटीस देतात ती तहसीलदाराला. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत विशेष सभा तहसीलदाराने बोलवायची आणि अध्यक्षस्थानीही त्यानेच बसायचं. सरपंचाला तिथे बोलण्याचा हक्क आहे, मत देण्याचाही आहे. सभा लांबवण्याचा मात्र नाही. समजा हा एक बदल कायद्यात नसता. सरपंच म्हणाला असता, "बघू, सुगी झाल्यावर सभा घेऊ." मग कोरम नाही म्हणून तहकूब, मग प्रोसिडिंग बुक सापडत नाही, आणि तेवढ्यात मुदत संपली. नऊ सदस्यांच्या पंचायतीत जे घडलं असतं तेच देशात घडतं, फक्त तिथे मध्ये पोलीस आणि फौज असते.

सभा कोण बोलावतो, एवढं तपासलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. दरवर्षी पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते. धरणाची पातळी ३४७.५० फुटांवर गेली की दरवाजा आपोआप उचलला जातो. त्यासाठी कुणाचा फोन लागत नाही. आपल्या राज्यघटनेत लोकसभेची मुदत तशीच आहे. पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं झाली की सभागृह आपोआप विसर्जित. पंतप्रधानांनी जायचं म्हटलं म्हणून नव्हे, पातळी गाठली म्हणून.

असा दरवाजा नसतो तिथे माणूस बदलायला भिंत फोडावी लागते. याची साक्ष आपला पन्हाळाच देतो. ताराराणींनी १७१० मध्ये करवीरची वेगळी गादी उभी केली. पण १७१४ मध्ये त्यांच्या सवत राजसबाईंनी त्यांना आणि त्यांच्या मुलाला पन्हाळ्यावर कैद केलं आणि आपला मुलगा संभाजीराजे याला गादीवर बसवलं. औरंगजेबाशी झुंजलेली कर्तबगार राणी, आणि सत्तांतराची वाट मात्र तुरुंगाची. त्या काळी दुसरी वाट कुणाला ठाऊकच नव्हती.

आता दुसरा धोका, ज्याकडे "शिस्त पाहिजे"वाले कधीच पाहत नाहीत: एकाधिकारशहाला खरी बातमी पोचत नाही. चीनमध्ये १९५८ साली माओंनी 'मोठी झेप' ही उत्पादन झपाट्याने वाढवण्याची मोहीम जाहीर केली. वरून पिकाचे आकडे मोठे मागितले गेले, म्हणून खालच्या कार्यकर्त्यांनी मोठे कळवले. सरकारची धान्यवसुली त्या फुगवलेल्या आकड्यांवर ठरली. खळ्यात जेवढं होतं त्यातलं बरंचसं उचललं गेलं आणि पिकवणाऱ्याच्या घरात खायला उरलं नाही. जुलै १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी लुशानच्या बैठकीत माओंना पत्र लिहून चूक दाखवली. त्यांचं मंत्रिपद गेलं, आणि त्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही. मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत जातात. एवढ्या मोठ्या देशात धान्य मुळीच नव्हतं असं नाही. नाही म्हणायची सोय नव्हती.

याच्या शेजारी १९७२ चा आपला दुष्काळ ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मदतीत मिळालेली सुकडी आणि मिलो (तांबडी ज्वारी) अजून आठवते. जनावरं दगावली, गावं ओस पडली. ते दिवस सोपे नव्हते. पण वर्तमानपत्रं रोज लिहीत होती, विधानसभेत विरोधक सरकारला धारेवर धरत होते, तहसील कचेऱ्यांवर मोर्चे येत होते. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती: खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्यातूनच रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तेव्हाचं सरकार काही संतांचं नव्हतं. मोर्चातली माणसं उद्या मत देणार, हे त्याला माहीत होतं.

लोकशाहीचे दोषही लपवायचे नाहीत. ती रेंगाळते. कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये झाली आणि तेव्हापासून हद्दवाढ अडकलेली आहे, कारण शेजारच्या गावांना ती नको आहे आणि त्या गावांनाही मत आहे. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वकिलांनी चार दशकं आंदोलनं केली तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. हुकूमशहाने दोन्ही कामं दुपारच्या जेवणाआधी उरकली असती, पण गावकऱ्यांना विचारलं नसतं. मतदानाच्या आदल्या रात्री वाटली जाणारी पाकिटं हा दुसरा दोष आणि त्याबद्दल चीड येणं रास्त आहे. बहुमताच्या जोरावर अल्पसंख्याकांना चेपणं हा तिसरा आणि सगळ्यांत घातक. मूलभूत हक्क आणि न्यायालय त्यासाठीच मताच्या आवाक्याबाहेर ठेवलेले आहेत.

आणि मतदानाने आलेला माणूसही दार लावून घेऊ शकतो. हिटलर ३० जानेवारी १९३३ ला कायदेशीरपणे चॅन्सेलर झाला. २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार त्याच्या सरकारला देऊन टाकला. कम्युनिस्ट सदस्यांना त्याआधीच सभागृहाबाहेर ठेवलं होतं. जेमतेम दोन महिने लागले. म्हणून कुणी किती मतांनी निवडून आला हे सांगून मला गप्प करता येणार नाही. निवडून आल्यावर त्याने दाराला हात लावला का, ते सांगा.

दार नेहमी धाडकन बंद होत नाही. कधी नुसतं उघडायचं राहून जातं. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं राज्यघटना सांगते. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले, आणि पाच वर्षं कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक चांगला की वाईट, हा इथे प्रश्नच नाही. प्रभागातला ड्रेनेज तुंबला तर कुणाच्या दारात जायचं आणि पुढच्या वेळी कुणाला पाडायचं, हे नागरिकाकडून काढून घेतलं गेलं होतं. एवढ्यावर लोक गप्प बसले, याचं मला जास्त वाईट वाटतं.

राहिली 'दोन वर्षं'. तो प्रयोग आपण केलेला आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली, मंत्रिमंडळाला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज त्याच रात्री तोडली गेली. लाखाहून अधिक माणसं खटल्याशिवाय तुरुंगात गेली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ठरवलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध दादच मागता येत नाही. विरोधातलं ते एक मत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचं. लोकसभेची मुदतही वाढवण्यात आली, म्हणजे पातळी गाठली तरी दरवाजा उचलला जाऊ नये अशी व्यवस्था झाली. 'गाड्या वेळेवर धावत होत्या' हे अजून सांगितलं जातं. गाडी उशिरा आली तरी छापायचं कुणी, हे कुणी विचारत नाही.

निवडणूक मार्च १९७७ मध्ये झाली, ती सरकारने घ्यायची ठरवली म्हणून. न घेण्याचं ठरवलं असतं तर काय, हा प्रश्न पुढच्या संसदेने गांभीर्याने घेतला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने एकेक फट बुजवली. 'अंतर्गत अशांतता' हे मोघम कारण काढून 'सशस्त्र बंड' घातलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींनी सही करायची नाही. एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांत विशेष बहुमताने मंजुरी, आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा. जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली, तर आणीबाणी उठवण्याच्या ठरावासाठी १४ दिवसांच्या आत विशेष बैठक. ती नोटीस द्यायची अध्यक्षांना, आणि अधिवेशन चालू नसेल तर थेट राष्ट्रपतींना. पंतप्रधानांना नाही.