फेसाळतो तो मळ नव्हे

न्हाणीघराच्या फरशीवर आम्लयुक्त क्लीनर ओतला की टाइल्समधल्या रेघांवर बारीक बुडबुडे उठतात, मंद चुरचुर ऐकू येते आणि घासून धुतल्यावर त्या रेघा काही दिवस उजळ दिसतात. बुडबुड्यांबरोबर मळ निघून गेला, अशी आपली समजूत होते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी रेघा पुन्हा काळवंडल्या की तोच उपाय अधिक जोराने केला जातो. वास्तविक त्या फेसात मळाचा वाटा फार थोडा असतो. फेसाळते ते बहुतांशी खुद्द ग्राउट, आणि दर धुण्याला त्याचा एक पातळ थर मोरीतून वाहून जातो.

टाइल्सचे सांधे भरायला वापरले जाणारे नेहमीचे ग्राउट हे मुळात सिमेंट असते. जोसेफ अ‍ॅस्पडिन याने 1824 मध्ये इंग्लंडमध्ये ज्याचे पेटंट घेतले, त्या पोर्टलंड सिमेंटच्या आजच्या रूपात रंगद्रव्य आणि थोडे पॉलिमर मिसळून ते तयार होते. सांधा 3 मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, तर त्यात बारीक वाळूही असते. सिमेंटमधील कॅल्शिअम सिलिकेटांचा पाण्याशी संयोग झाला की दोन पदार्थ बनतात. एक म्हणजे कणाकणाला घट्ट धरून ठेवणारे जलयुक्त कॅल्शिअम सिलिकेट आणि दुसरा कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, म्हणजेच विरलेला चुना. या संयोगात सिमेंटच्या वजनाच्या सुमारे एक-चतुर्थांश पाणीच रासायनिक रीत्या बांधले जाते. मिश्रण सांध्यात सहज उतरावे म्हणून त्यापेक्षा बरेच जास्त पाणी घातलेले असते आणि ते जादा पाणी वाळून गेले की त्याच्या जागी सूक्ष्म नलिकांचे जाळे उरते. ग्राउट कालवताना कारागिराने हात सैल सोडून पाणी ओतले असेल, तर पुढची कित्येक वर्षे त्याची किंमत घासणाऱ्याला मोजावी लागते.

विट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या 0.5 टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही आणि झिलई दिलेल्या टाइलच्या वरच्या थरातून पाणी जवळजवळ आत शिरतच नाही. शेजारचा सांधा मात्र केशाकर्षणाने ओलावा ओढत राहतो. शिवाय तो टाइलच्या पातळीपेक्षा किंचित खोल असतो. त्यामुळे फरशी पुसताना मॉपमधले गढूळ पाणी या पन्हळीत साचते, पाणी उडून जाते आणि त्यातली धूळ, तेलकटपणा व साबणाचा अंश छिद्रांत बसतो. न पुसलेल्या फरशीपेक्षा घाण पाण्याने पुसलेल्या फरशीचेच ग्राउट लवकर काळे पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. बादलीतले पाणी वरचेवर बदलणे आणि शेवटी कोरड्या फडक्याने पाणी टिपून घेणे, या दोन साध्या गोष्टी बाजारातल्या निम्म्या क्लीनरांची गरज संपवतात.

आता पुन्हा त्या फेसाकडे वळू. ताज्या ग्राउटच्या छिद्रांतील पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कता मोजणारा अंक) साडेबाराच्या वर असतो आणि इतक्या तीव्र अल्कधर्मी परिसरात बुरशीला पाय रोवता येत नाहीत. परंतु हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांत शिरून चुन्याशी संयोग पावतो आणि चुन्याचे हळूहळू कॅल्शिअम कार्बोनेट होते. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातल्यावर ती दुधाळ होत असे, तीच ही क्रिया. फक्त तिथे ती काही सेकंदांत घडते आणि इथे महिने-वर्षे चालते. त्यातून पृष्ठभागाचा सामू 9 च्या आसपास उतरतो. हा आकडा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण सामूची मोजपट्टी दहाच्या पटीची असल्याने साडेतीन अंकांची घट म्हणजे अल्कधर्मी आयनांचे प्रमाण सुमारे तीन हजार पटींनी घटणे होय. ग्राउट जुने झाले की त्यावर बुरशी का धरते, याचे एक कारण इथे सापडते.

आम्लाची गाठ पडते ती या कार्बोनेटशी. त्यातून कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि कॅल्शिअम पाण्यात विरघळणाऱ्या क्षाराच्या रूपात निघून जाते; खालचा चुना तर फेस न करताच विरघळतो. नळाच्या जड, म्हणजे दुष्फेन पाण्यामुळे टाइलवर बसणारे पांढरट थरही कॅल्शिअम कार्बोनेटचेच असतात, आणि हा थर कोणता व ग्राउट कोणते हे ओळखण्याची कोणतीही सोय आम्लाकडे नसते. व्हिनेगर आणि लिंबाचा रस ‘नैसर्गिक’ असले तरी या बाबतीत त्यांना सूट नाही. टॉयलेट क्लीनरमधल्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या तुलनेत ते काम सावकाश करतात, एवढेच. थर काढण्यासाठी आम्ल वापरणे अटळच असेल, तर आधी सांधे साध्या पाण्याने पूर्ण भिजवून घ्यावेत. छिद्रे पाण्याने भरलेली असली की आम्ल खोल ओढले जात नाही. त्यानंतर सौम्य द्रावण केवळ टाइलवर लावून मिनिटभरात भरपूर पाण्याने धुऊन टाकावे.

साबणाचा चिकट, करडा थर हे वेगळे प्रकरण आहे. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडिअम क्षार. जड पाण्यातले कॅल्शिअम सोडिअमची जागा घेते आणि पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. यावर तसेच तेलकट मळावर धुण्याच्या सोड्याचे कोमट द्रावण आणि थोडे डिटर्जंट उपयोगी पडते, आणि अल्कधर्मी असल्यामुळे ते सिमेंटला इजा करत नाही. याउलट खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा लोकप्रिय उपाय पाहायला छान असला, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो विनोदी आहे. दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात, भरपूर फेस येतो आणि मागे उरते ते सोडिअम अ‍ॅसिटेटचे जवळजवळ निरुपयोगी पाणी. खाण्याचा सोडा एकटाच, ओलसर लगद्याच्या रूपात, मऊ घासणी म्हणून बरा.

काळे ठिपके बहुधा बुरशीचे असतात आणि त्यांचा काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. गुलाबी बुळबुळीत पापुद्रा दिसला, तर तो बऱ्याचदा जिवाणूंचा असतो. ब्लीचमधील सोडिअम हायपोक्लोराइट जंतूंना मारते आणि रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण करून डाग पांढरा करते. परंतु डाग दिसेनासा होणे आणि मळ निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर एकत्र आले, तर क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून सोडला गेला, तोच हा वायू, आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो विनोदाचा विषय नाही. अमोनियायुक्त क्लीनरशी संयोग झाल्यास क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात. म्हणून एका दिवशी एकच क्लीनर, हा नियम घरात पाळलेला बरा.

मला स्वतःला सोडिअम परकार्बोनेट अधिक पसंत आहे. हे पांढरे चूर्ण म्हणजे धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा घनरूप मिलाफ. गरम पाण्यात टाकले की पहिला तेलकटपणा सोडवतो आणि दुसरे रंग उडवून बुरशी मारते. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे चूर्ण मिसळून ते सांध्यांवर पसरावे, पंधरा-वीस मिनिटे ओले राहू द्यावे आणि नायलॉनच्या ताठ ब्रशने घासून धुवावे. हातमोजे आवश्यक आहेत, रंगीत ग्राउटवर आधी एका कोपऱ्यात चाचणी घ्यावी, आणि उरलेले द्रावण घट्ट बुचाच्या बाटलीत कधीही ठेवू नये, कारण त्यातून सुटत राहणारा ऑक्सिजन बाटली फोडू शकतो. तारेचा ब्रश टाळावा. त्याचे लोखंडी कण ग्राउटमध्ये अडकून गंजतात आणि मूळ डागापेक्षा हट्टी तांबूस डाग पडतात.

सांधे पूर्ण कोरडे झाल्यावर त्यांवर पाण्याचा थेंब सोडून पाहावा. तो गोल राहिला, तर सीलर, म्हणजे ग्राउटला पाणी शोषू न देणारे रसायन, अजून शाबूत आहे. लगेच मुरून ओली खूण उमटली, तर नव्याने सीलर लावण्याची वेळ झाली आहे. सिलेन किंवा सिलॉक्झेन या वर्गातील भेदक सीलर छिद्रे बुजवत नाहीत. ते नलिकांच्या भिंतींना चिकटून त्या पाण्याला नकोशा करतात, त्यामुळे द्रवरूप पाणी आत ओढले जात नाही आणि आतली वाफ मात्र बाहेर पडू शकते. एपॉक्सी ग्राउटला ही दगदग नाही, कारण त्याची राळ घट्ट होताना असे नलिकांचे जाळे बनतच नाही. मात्र ते भरायला कठीण असते आणि सूर्यप्रकाशात पिवळे पडते.

जिथे दोन भिंती किंवा भिंत आणि फरशी एकत्र येतात, त्या कोपऱ्यातले ग्राउट मात्र कितीही जपले तरी तडकते. तापमान आणि ओलावा यांमुळे दोन्ही पृष्ठभाग निरनिराळ्या प्रमाणात हलतात आणि ठिसूळ सिमेंटला ते सोसत नाही. तिथले ग्राउट खरवडून बुरशीरोधक सिलिकॉन भरावे. त्याच तडीतून पाणी टाइलच्या मागे उतरत असते, आणि त्यामुळे भिंतीच्या दुसऱ्या बाजूला लागलेला लोणा कोणत्याही ब्रशने निघत नाही.