मज्जारज्जूच्या इजेनंतरचा व्यायाम

मणक्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला इजा झाल्यावर शरीर राखण्यासाठी आणि उरलेली ताकद कामी आणण्यासाठी आयुष्यभर करायचा व्यायाम. गोव्यात अशी इजा दुचाकीच्या अपघाताने होते, तशी माडावरून पडूनही होते. पाडेली (नारळ पाडणारे) आणि रेंदेर (माडाची सुर काढणारे) यांच्या घरांना तिची धास्ती ठाऊक आहे. शस्त्रक्रिया बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात झाली तरी व्यायामाची वर्षे फोंड्या-पेडण्याच्या घरातच जातात.

व्यायामाने तुटलेला मज्जारज्जू सांधत नाही. इजा अपुरी असेल, म्हणजे तिच्याखाली थोडी संवेदना किंवा हालचाल उरली असेल, तर पहिल्या काही महिन्यांत हालचाल परतण्याची शक्यता जास्त असते आणि तेव्हाचा सराव मोलाचा ठरतो. पण ‘पाय कधी चालणार?’ याकडेच डोळे लावून बसले, की तोवर खांदे आखडतात, घोटे वाकडे बसतात, माकडहाडापाशी जखम होते. हे नुकसान टाळता येण्याजोगे असते, म्हणून ते जास्त सलते.

सुरुवात अंथरुणातच होते: साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, श्वासाचे व्यायाम, दुसऱ्याने सांधे हलवून देणे. यातही जाणते हात लागतात. इजा मानेच्या सहाव्या पातळीवर असेल तर मनगट उचलता येते, बोटे मात्र हलत नाहीत. मनगट वर केले की किंचित आखडलेली बोटे आपोआप मिटतात आणि तेवढ्यावर पेला धरता येतो. घरचे माणूस मायेने मनगट आणि बोटे एकदमच मागे ताणते, तेव्हा नेमकी हीच पकड सैल पडते. बोटे सरळ करायची तर मनगट खाली वाकवून.

चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने पुढे वाकून बसल्या जागेवरचा दाब कमी करावा. हातांवर अंग उचलून धरण्याची पद्धत रूढ आहे, पण ती काही सेकंदच जमते आणि खांदे झिजवते. ज्याचे खांदे हेच पाय झाले, त्याने ते जपायलाच हवेत.

2018च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, इजा जुनी झालेल्या प्रौढांनी आठवड्यातून निदान दोनदा 20 मिनिटे दम लागेल असा व्यायाम करावा आणि चालू असलेल्या प्रमुख स्नायूंसाठी ताकदीच्या व्यायामाची तीन-तीन आवर्तने दोनदा करावीत. हाताने फिरवायचे पेडल किंवा रबरी पट्टा एवढ्यावर भागते.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर दोन धोके ध्यानात ठेवावेत. पहिला, रक्तदाब एकाएकी चढण्याचा: डोके ठणकते, चेहऱ्यावर घाम फुटतो. बहुतेकदा कारण तुंबलेले मूत्राशय असते. रुग्णाला ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी तपासावी. तरी उतार न पडल्यास तातडीने डॉक्टर गाठावा. व्यायामाआधी मूत्राशय रिकामे करणे म्हणूनच महत्त्वाचे. दुसरा धोका उष्णतेचा. इजेखाली घाम येत नाही, त्यामुळे अंग तापत जाते. गोव्यातल्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात व्यायाम पहाटे, पंख्याखाली आणि ओला पंचा मानेवर ठेवूनच करावा.

पोहताना पाणी अंगाचा भार पेलते. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहू लागले आणि 1972मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. समुद्रात उतरताना मात्र पायांत रबरी बूट हवेत. तापलेली रेती आणि शिंपल्यांच्या कडा बधिर तळव्याला कळत नाहीत. घरी आल्यावर तळवे आरशात पाहावे लागतात.