मॅनर हाउस, मुंबई (बॉम्बे कॅसल)

फोर्टमध्ये टाऊन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या मागे नौदलाचा आयएनएस आंग्रे हा तळ आहे, त्याच्या आवारात जुना बॉम्बे कॅसल येतो आणि त्या कॅसलचं मूळ म्हणजे मॅनर हाउस हे पोर्तुगीज घर. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने ते १६ व्या शतकाच्या मध्यात बांधलं असं बहुतेक ठिकाणी बिनदिक्कत छापलेलं असतं. प्रकरण तेवढं सरळ नाही.

ओर्ता पोर्तुगालमधल्या कास्तेलो द विदे गावचा, ज्यू धर्म सोडावा लागलेल्या कुटुंबातला. १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझाच्या आरमाराबरोबर तो गोव्याला आला आणि परत गेलाच नाही. त्याच वर्षाच्या शेवटी गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि तिच्याबरोबर ही सगळी बेटं तह करून पोर्तुगीजांना दिली. मुंबई बेट पोर्तुगीज खंडाने देत. १५५४ च्या सुमारास सिमाँव बोतेल्यो या पोर्तुगीज अधिकाऱ्याने केलेल्या महसुली नोंदवहीत बेटाचा खंड वर्षाला १४३२½ पारदाव (तेव्हाचं गोव्याकडचं नाणं) दिलाय, पण नाव आहे मेस्त्रे दियोगोचं. ओर्ताला राजाकडून बेट कायमच्या खंडाने मिळालं हे तो स्वतःच सांगतो, १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरच्या संवादरूप ग्रंथात. नंतरचे बरेच लेखक त्यासाठी १५५४ हे साल धरतात, काहीजण १५४८ पर्यंत मागे नेतात. मेस्त्रे दियोगोची नोंद बघता १५५४ च्या आसपास किंवा त्यानंतर थोड्याच काळात हे जास्त पटतं.

आता घराचं. ओर्ताची प्रॅक्टिस गोव्यात, व्हॉइसरॉयपासून अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहापर्यंत त्याचे पेशंट, राहणंही मुख्यतः गोव्यातच, त्यामुळे मुंबईचं घर म्हणजे जमीनदाराचं वाडीवरचं घर समजावं, कायमचा मुक्काम नव्हे. ग्रंथात मुंबई येते ती खास करून आंब्याच्या निमित्ताने: बेटावरचं त्याचं एक झाड वर्षातून दोनदा फळतं, आणि सिमाँव तोस्कानो नावाचा तिथला कूळ गोव्याला आंबे घेऊन येतो. (मुंबईच्या आंब्याची ही छापील जाहिरात बरीच जुनी म्हणायची.) गोव्याचेच डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांनी १९०० च्या आपल्या मुंबईवरच्या ग्रंथात घर आणि ओर्ता यांची सांगड घातली, १९०९ च्या गॅझेटियरनेही ती घेतली आणि तेव्हापासून ती पक्की बसली.

अडचण १६२६ ची आहे. त्या ऑक्टोबरात इंग्रज आणि डच जहाजं पोर्तुगीजांच्या मागावर मुंबईच्या खाडीत घुसली. डेव्हिड डेव्हिस नावाच्या इंग्रज खलाशाने रोजनिशीत लिहिलंय की इथे एकच मोठं घर होतं, कोठार, मठ आणि किल्ला सगळं त्यातच, आणि ते आम्ही जाळलं. हे वर्णन याच घराचं मानलं जातं. म्हणजे ओर्ताने बांधलेलं काही असलंच तर ते एकदा जळून पुन्हा उभं राहिलेलं आहे, आणि पुढे इंग्रजांनी केलेली तोडफोड वेगळीच. त्यामुळे 'ओर्ताचं घर' हे जागेबद्दल खरं मानावं, भिंतींबद्दल जरा जपूनच.

१८ फेब्रुवारी १६६५ ची घटना मात्र कागदोपत्री भक्कम आहे. पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या लग्नाच्या १६६१ च्या करारात इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सला कबूल झालेलं बेट त्याचा प्रतिनिधी हम्फ्री कुकच्या ताब्यात दिलं गेलं ते याच घरात. तेव्हा मालकीण होती दोना इग्नेस द मिरांदा, दोम रोद्रिगो द मोन्सांतोची विधवा, जिला 'बेटाची बाई' म्हणत. इंग्रज डॉक्टर आणि प्रवासी जॉन फ्रायर १६७३ मध्ये आला, त्याने लिहिल्याप्रमाणे इंग्रजांना मिळालं ते घर जागा चांगली पण बंदोबस्त कच्चा असं होतं, चार पितळी तोफा म्हणजे अख्ख्या बेटाचं संरक्षण, आणि भोवती बाग अशी की हिंदुस्थानात सगळ्यात रम्य म्हणून तिचा बोलबाला. बाग गेली, बुरूज आले. १६६८ मध्ये राजाने वर्षाला १० पौंड भाड्याने बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं आणि घराभोवती कॅसल वाढत गेला, कुर्ल्याचा निळसर दगड आणि कोकणातला जांभा वापरून. १६८३ मध्ये कंपनीच्याच कॅप्टन केग्विनने कंपनीविरुद्ध बंड करून तो वर्षभर ताब्यात ठेवला, १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने बेटाचा बराच भाग घेऊन इंग्रजांना आत कोंडलं. १८ व्या शतकात गव्हर्नर परळला राहायला गेले. तरी सरकारी हुकुमांवर 'बॉम्बे कॅसल' हाच पत्ता पुढे कितीतरी वर्षं पडत राहिला.

शहराच्या बाहेरच्या तटाला १८६० च्या दशकात पाडलं, कॅसलच्या आतल्या तटाचा काही भाग मात्र राहिला तो लष्करी ताब्यामुळेच. पोर्तुगीज शिपायांच्या आकृती कोरलेलं दार आणि एक जुनी धूपघडी (सावलीवरून वेळ दाखवणारी) या त्यातल्या नेहमी सांगितल्या जाणाऱ्या वस्तू. दोन्ही सर्रास पोर्तुगीज म्हणून सांगतात, दाराच्या बाबतीत शिल्पावरून ते मानायला हरकत नाही. १९५१ मध्ये तळाला आंग्र्यांचं नाव मिळालं, ज्या कान्होजींवर १७१८ मध्ये इंग्रजांनी मुंबईतूनच खांदेरीची मोहीम काढली आणि हात हलवत परत आले.

वारसा म्हणून या जागेचं मोल शैलीत फारसं नाही, वसईच्या कोटात पोर्तुगीज बांधकाम याहून कितीतरी जास्त आणि स्पष्ट दिसतं. मोल आहे ते खंडकऱ्याची वाडी, कंपनीची गादी आणि आजचा नाविक तळ हे सगळं एकाच जागेवर सलग आल्याचं, आणि मुंबईत असं दुसरं ठिकाण सांगणं कठीण. नौदलाचा भाग असल्याने आत मोकळा प्रवेश नाही, परवानगी लागते.